काळोखाचा पाहुणचार

दिव्यांच्या सणासाठी निघालेल्या अंकात काळोखाची वकिली करणे शकुनाच्या दृष्टीने फारसे बरे दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण काही दिवे असे असतात की काळोखावाचून त्यांचे चालत नाही. अशा दिव्यांचा एक मोठा उत्सव आपल्या महाराष्ट्रात दरवर्षी होतो. त्याला तेल लागत नाही, वात लागत नाही, वीजमंडळाचे देयक येत नाही. मेचा शेवटचा आठवडा उजाडला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या, की अकोले तालुक्यातल्या डोंगरकुशीत हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, सादडा अशा झाडांवर काजवे लखलखू लागतात. मृगाचा पाऊस जोराने कोसळू लागला की हा उत्सव आटोपतो. सारा खेळ पंधरा-वीस दिवसांचा.

अकोले तालुका नगर जिल्ह्यात आहे असे सांगितले की पुण्या-मुंबईच्या मंडळींना अजून नवल वाटते. नगर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो दुष्काळ, ज्वारीची भाकरी, साखर कारखान्यांची धुराडी आणि शिर्डीची रांग. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण आमच्या पिढीच्या जिभेवरचे नगर काही लगेच उतरायचे नाही.) आणि ते चित्र खोटेही नाही. नगर शहरात वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघरला मात्र साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस होतो. एकाच कलेक्टरसाहेबांच्या हद्दीत एवढा फरक! या टोकाला सह्याद्री आपले सगळे वैभव घेऊन उभा आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, इथलेच. कोकणकड्याचा हरिश्चंद्रगड इथलाच. प्रवरेला जन्म देणारा रतनगड आणि त्याच्या पायथ्याचे अमृतेश्वराचे कोरीव देऊळ इथलेच. साम्रद गावाजवळची सांदण दरी म्हणजे तर जमिनीला गेलेली एक खोल, अरुंद भेग. दुपारच्या उन्हालाही तिच्या तळाशी उतरताना विचार पडावा. या साऱ्या मुलखातले सुमारे ३६१ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८६ साली ‘कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य’ म्हणून राखले गेले. शेकरू, बिबट्या आणि असंख्य पाखरे यांचे ते घर. आणि हेही ध्यानात ठेवायला हवे, की ते महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांचेही घर आहे, अभयारण्याचा फलक लागण्याच्या कितीतरी आधीपासूनचे.

आता या घरी पाहुणे येऊ लागले आहेत. शनिवार-रविवारी येतात, जूनमध्ये काजव्यांना येतात, जुलै-ऑगस्टात धबधब्यांना येतात, डिसेंबरच्या एकतीस तारखेला तर लोटतात. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी रंगीबेरंगी तंबूंची वसाहत उभी राहते. ‘निसर्गाच्या सान्निध्यात दोन दिवस’ अशा जाहिराती आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. शहरातल्या माणसाला डोंगरात जावेसे वाटते यात वावगे काही नाही. उलट ती तहान असणे हे आपण अजून जिवंत असल्याचे लक्षण आहे. प्रश्न एवढाच, की ही तहान भागवताना विहीर कोणाची, दोर कोणाचा आणि शेवटी गाळ कोणाच्या वाट्याला?

गेल्या काही वर्षांत मी तीनदा त्या बाजूला जाऊन आलो. पहिल्या खेपेला जलाशयाभोवतीच्या रस्त्यावर जे पाहिले ते प्रथम सांगतो. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावे जोडत हा रस्ता पाण्याला वळसा घालतो. जूनमधला शनिवार, रात्री नऊची वेळ. मोटारींची रांग हललेली नव्हती. प्रत्येक मोटारीचे पुढचे दिवे लख्ख पेटलेले. उतरलेल्या मंडळींच्या हातात विजेऱ्या. कोणी काजव्यांच्या झाडाकडे विजेरी रोखून विचारीत होते, “कुठे आहेत? काहीच दिसत नाही!” जणू चांदणे पाहायला यावे आणि कंदील घेऊन आभाळात शोधावे! एका गाडीतून गाणे इतके मोठ्याने वाजत होते की रातकिड्यांनी हार मानली होती. आमच्या पुढच्या बसमधील एका सहल-चालकाने दहा मिनिटांचा वेळ दिला आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना परत गाडीत कोंबले. त्या मंडळींनी पैसे मोजून काय पाहिले असेल? एकमेकांच्या गाड्यांचे दिवे.

यात काजव्यांचे काय होते ते समजून घेण्यासाठी थोडे शास्त्र सांगावे लागेल. मराठीच्या प्राध्यापकाकडून ते ऐकण्याची पाळी आली याबद्दल शास्त्राच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी. काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या कुळातला. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरीन नावाचे द्रव्य असते. प्राणवायू आणि ल्युसिफेरेज नावाचे विकर यांच्या संगतीत त्याचा प्रकाश होतो. आपल्या विजेच्या दिव्यासारखी यात उष्णता वाया जात नाही, म्हणून याला शीतप्रकाश म्हणतात. हा प्रकाश काजवा आपल्या करमणुकीसाठी करीत नाही. तो त्याचा निरोप असतो. नर लुकलुकतो, मादी त्याला उत्तर देते, आणि त्या उत्तराच्या रोखाने दोघांची गाठ पडते. आयुष्याचा मोठा भाग या जिवाने अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी आणि किडे खाऊन काढलेला असतो. पंख फुटल्यावर हाती उरतात थोडेच आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, मादीने अंडी घालायची आणि खेळ संपवायचा. अशा वेळी मोटारीचा झोत अंगावर पडला म्हणजे निरोप पुसला जातो. झाडाखाली गर्दी झाली की पाचोळ्यातल्या, गवतातल्या माद्या आणि अळ्या पायाखाली चिरडतात. यंदा पुसलेल्या निरोपाची झळ पुढच्या जूनच्या पाहुण्यांना लागते. त्यांना वाटते, पाऊस लवकर आला म्हणून काजवे कमी झाले असतील.

दुसरी गोष्ट पाण्याची. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. त्याला त्या वेळच्या गव्हर्नराचे, विल्सनचे नाव देण्यात आले. जवळजवळ ८२ मीटर उंचीची दगडी भिंत आणि तिच्यामागे अकरा टीएमसी पाणी. या पाण्याने खाली संगमनेर, श्रीरामपूरकडचा मुलूख हिरवा केला. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला ते प्रवरानगर याच प्रवरेच्या आधाराने वाढले. परंतु धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथल्या वाड्यांतल्या बायका एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन झऱ्याच्या तळाशी बसलेल्या असतात. काळा कातळ आणि तीव्र उतार; पडलेले पाणी थांबत नाही, वाहून धरणात जाते. पाणी डोळ्यांपुढे आणि घसा कोरडा, असा हा प्रकार.

नेमक्या याच कोरड्या दिवसांत काजव्यांचे पाहुणे येतात. मी एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडून पाहिला. शहरी सवयीने फवाऱ्याखाली केलेली अंघोळ म्हणजे माणशी पन्नास लिटर धरा. शौचालयाची साखळी एकदा ओढली की आठ लिटर. दिवसातून चारदा म्हणजे बत्तीस. चौघांचे कुटुंब एका दिवसात सव्वातीनशे लिटर पाणी सहज सांडते. डोक्यावरच्या हंड्यात पंधरा लिटर मावतात. म्हणजे आपल्या एका दिवसाच्या स्वच्छतेसाठी कोणीतरी बावीस हंडे वाहायला हवेत. टाकी गच्चीवर असली की ते हंडे दिसत नाहीत, इतकेच.

तिसरी गोष्ट पैशाची. तंबूच्या जाहिरातीत ‘गावरान जेवण’ असते, ‘आदिवासी नृत्य’ असते. पण पैसे बहुधा शहरातल्या खात्यावर जमा होतात. गावातल्या माणसाच्या हाती पडते ती ताटामागे ठरलेली रक्कम, तंबू ठोकल्याची मजुरी आणि सोमवारी सकाळी गोळा करायच्या बाटल्या. ज्याची जमीन, ज्याचे झाड, ज्याचा झरा, तो आपल्याच अंगणात वाढपी होतो.

याला दुसरी काही रीत असू शकते का? आहे. आणि ती याच तालुक्यात करून पाहिली गेली आहे. मुळा नदीच्या खोऱ्यात पुरुषवाडी नावाचे गाव आहे. तिथे पाणलोटाचे काम झाले, डोंगरउतारावर चर आणि बांध झाले, पाणी जिरू लागले. मग २००६ च्या सुमारास ‘ग्रासरूट्स’ नावाच्या मंडळींनी ग्रामस्थांच्या बरोबरीने एक वेगळा घाट घातला. पाहुणे येणार ते गावाचे. त्यांनी जेवायचे ते गावातल्या घरांत, पाळीपाळीने; म्हणजे एकच घर श्रीमंत आणि बाकीची बघी, असे व्हायला नको. वाट दाखवणारे गावचेच. पाहायचे काय, तर गावाचे रोजचे जगणे: भाताची लावणी, गुरांचा गोठा, ओढ्यातले खेकडे आणि जूनमध्ये काजवे. यात नवल कसलेच नाही. आपल्या आजोळी पाहुणे असेच तर येत असत. फरक एवढाच, की आता पाहुणा पैसे देतो आणि यजमानाने ते संकोच न करता घ्यायचे असतात.

तिसऱ्या खेपेला मी सहकुटुंब अशाच रीतीने चालणाऱ्या दुसऱ्या एका वाडीत दोन रात्री राहिलो. वाडीचे नाव मुद्दाम सांगत नाही. या अंकाचा खप मोठा आहे आणि वाडीत घरे थोडी आहेत!

राजूर मागे पडल्यावर रस्ता अरुंद होत गेला आणि शाळेच्या मैदानावर एका पोराने हात करून गाडी थांबवली. “गाडी इथंच. पुढं पायी.” पुढे म्हणजे फार नव्हते, दहा मिनिटांची चाल. ओट्यावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी पाणी दिले, गुळाचा खडा दिला, आणि घरची थोरली माणसे लग्नाच्या आधी देण्याघेण्याचे बोलतात तशा गंभीरपणे नियम सांगितले. रात्री विजेरी लावायची तर जमिनीकडे धरून, आणि काचेवर लाल कागद बांधून. कागद आमच्याकडे आहे. झाडाखाली जायचे नाही, बांधावर बसून पाहायचे. राब भाजून तयार केलेल्या वाफ्यात पाय टाकायचा नाही. त्यात वर्षाचे भात आहे. अंघोळीला एक बादली. आणलेले प्लास्टिक आपल्या पिशवीतून परत न्यायचे. शेकोटी नाही.

शेकोटी नाही म्हटल्यावर आमच्या कन्येचे तोंड उतरले. तंबू म्हटला की शेकोटी, असे तिने चित्रांतून शिकलेले. म्हाताऱ्याने ते ओळखले. “बाय, चुलीजवळ बस की! ती शेकोटीच हाय. भाकरी बी मिळंल.” वास्तविक हा नियम त्यांच्या पदरचा नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच अभयारण्यात आग पेटवायला आणि कचरा टाकायला मनाई केलेली आहे. जाहिरातीतल्या तंबूंपुढची ती सुंदर शेकोटी अभयारण्याच्या हद्दीत कायद्याच्या दृष्टीने गुन्हा असते, हे किती जणांना ठाऊक असेल?

चुलीजवळचा तो प्रवेश चांगलाच रंगला. घरधनीण नागलीची भाकरी थापत होती आणि पत्नी तिला मदत करण्याच्या नावाखाली पीठ वाया घालवीत होती. “ताई, हाताला पाणी लावा, पाणी!” असे म्हणत त्या माउलीने तीन वेळा तिची भाकरी सावरली. बाजूला वरईचा भात, खुरासणीची चटणी आणि घेवड्याची आमटी. घेवडा कुठला, असे विचारल्यावर तिने अभिमानाने सांगितले, “घरच्या बियाण्याचा.” याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपून ठेवण्याचे काम केले आणि २०२० साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली, हे वाचकांना ठाऊक असेलच. अशा मुलखात पाहुण्यापुढे शहरातले पनीर आणि शेवया वाढण्यात कसली आली मेजवानी? पाहुणा गावचे धान्य खातो, जाताना दोन किलो काळभात विकत नेतो, तेव्हा त्या धान्याला शेतात टिकून राहायला कारण मिळते. ताट आणि जंगल यांचे नाते असे सरळ असते.

जेवणे झाल्यावर वाडीने दिवे घालवले. वीज गेली असे मला वाटले. पण नाही, काजव्यांच्या दिवसांत आठ ते दहा बाहेरचे दिवे लावायचे नाहीत, असे वाडीनेच ठरवले होते. आम्ही बांधावर जाऊन बसलो. आधी काहीच दिसेना. डोळे काळोखाला सरावायला पाव तास लागतो. शहरात आपण तेवढा वेळ काळोखात कधी असतोच कुठे? मग ओढ्याकाठच्या एका सादड्यावर चार ठिणग्या उडाल्या. मग चाळीस. मग सबंध झाड एकदम उजळले आणि एकदम विझले, पुन्हा उजळले. शेजारच्या झाडाने तो ताल उचलला आणि बघता बघता ओढ्याच्या काठाने तो प्रकाश श्वासासारखा वरखाली होऊ लागला. कोणी बोलत नव्हते. बोलू नका, असे कोणी सांगितलेही नव्हते.

परत ओट्यावर आलो तेव्हा म्हाताऱ्याच्या मुलाचा मोबाइल वाजत होता. पलीकडून कोणी तरी शनिवारी पन्नास माणसे आणायची म्हणत होते. मुलाने बापाकडे पाहिले. म्हाताऱ्याने मान हलवली. “जागा न्हाई म्हणून सांग. तीस झाली.” मुलाने सांगितले, पण त्याच्या कपाळावरची आठी विजेरीवाचूनही दिसली.

“पैसे हातचे गेले की!” मी म्हणालो.

“गेले न्हाईत, सर. पुढल्या सालाला ऱ्हायले.”

मुलाला हे पटले नव्हते. बाप आत गेल्यावर तो माझ्याजवळ बसला आणि मोकळे बोलला. पावसाळी भाताचे एक पीक. ते निघाले की तो दरवर्षी नारायणगावच्या बाजूला भाजीच्या मळ्यांवर मजुरीला जातो. बायको बरोबर जाते, पोरगे म्हाताऱ्यांपाशी राहते. काजव्यांचे दिवस पंधरा, त्यातले शनिवार-रविवार फार तर सहा. “तीस माणसांवर वरीसभर कसं भागायचं, सर? तिकडं धरणाला दोनदोनशे येत्यात. काजवं राखायचं आम्ही, आन् गाड्या घ्यायच्या दुसऱ्यांनी?”

त्याला काय उत्तर द्यावे? निसर्गरक्षणावर व्याख्यान देणे सोपे आहे. पगार दर महिन्याच्या एक तारखेला जमा होणाऱ्याला तर फारच सोपे. त्याचा प्रश्न खरा आहे आणि डोंगरातल्या निसर्गनिवासाचा सारा नैतिक विचार या प्रश्नावर येऊन थांबतो. काळोख राखण्याची मजुरी कोण देणार? नियम पाळणाऱ्या वाडीला नियम मोडणाऱ्या तंबूपेक्षा कमी मिळत असेल, तर नियम किती दिवस टिकतील? म्हातारा आहे तोवर, आणि त्यानंतर?

मला सुचणारे उत्तर अर्धेमुर्धे आहे, पण ते सांगतो. पहिले म्हणजे पंधरा दिवसांवर सारे वर्ष लादू नये. या मुलखात जुलैमध्ये भाताची लावणी असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात पठारे रानफुलांनी भरतात, दिवाळीनंतर झोडणी असते, थंडीत गड चढावेत असे स्वच्छ आभाळ असते. पाहुण्यांनी आपल्या खेपा पांगवल्या तर तीस माणसे वर्षभर येतील आणि कोणाला नारायणगावचा रस्ता धरावा लागणार नाही. दुसरे, काळोखाचे मोल द्यायला शिकले पाहिजे. शांत, मोजक्या माणसांच्या रात्रीसाठी गर्दीच्या रात्रीपेक्षा जास्त पैसे मोजायला आपण कुरकुरतो, आणि तेच पैसे नाटकाच्या पहिल्या रांगेसाठी आनंदाने देतो. भूतानने हे फार आधी ओळखले. माणसे थोडी आणि दर चढा, असे धोरण ठेवून तो देश परदेशी पाहुण्यांकडून दर रात्रीमागे ठरावीक रक्कम घेतो. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतातल्या राष्ट्रीय उद्यानातही एकतालात चमकणारे काजवे आहेत. तिथे हौशी मंडळी इतकी लोटू लागली की आता काजव्यांच्या दिवसांत गाड्यांना सोडत काढून प्रवेश देतात, आणि विजेरीवर लाल कागद लावायला सांगतात. आमच्या म्हाताऱ्याने अमेरिका पाहिलेली नाही. त्याची आणि त्यांची युक्ती एकच निघाली, याची मला मौज वाटली.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, आणि त्यासाठी नगर जिल्ह्याबाहेर जायला नको. जिल्ह्याच्या दुसऱ्या, कोरड्या टोकाला हिवरेबाजार आहे. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले आणि पुढे गावाने आपणहून काही बंधने घालून घेतली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसासारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. बंधने बाहेरच्यांनी लादली असती तर गावाने ती रातोरात मोडली असती. ती गावाची होती म्हणून टिकली, आणि त्या बंधनांतूनच गावाचे पाणी परत आले. अकोल्याच्या डोंगरातही हेच व्हायला हवे. किती पाहुणे, कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या गावाच्या ग्रामसभेकडे हवा; आणि तो एकट्या वाडीने नव्हे, तर जलाशयाभोवतीच्या सगळ्या गावांनी एकत्र बसून वापरायला हवा. नाही तर एका वाडीने नाकारलेले पन्नास शेजारच्या वाडीत उतरतात आणि नाकारणारा वेडा ठरतो. अकोल्याचा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार दिलेले आहेत. कायदा आहे, गावे आहेत. गावांनी एका ओट्यावर बसायचे राहिले आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. त्याने एकट्याने तोटा सोसावा आणि आपण त्याची पाठ थोपटावी, हे उत्तर नव्हे.

निसर्गनिवास ‘पर्यावरणस्नेही’ आहे की नाही, हे अलीकडे फलकावरच्या पानाफुलांवरून ठरवतात. खोली बांबूची असली आणि चहा मातीच्या पेल्यात मिळाला की आपले समाधान होते. माझ्या मते कसोटी एकच आहे: इथे ‘पुरे’ म्हणण्याचा हक्क कोणाला आहे? तो हक्क ज्या जागी गावाकडे आहे तिथे बाकीच्या गोष्टी हळूहळू जमतात. जिथे तो कोणाकडेच नाही तिथे बांबू असो की सिमेंट, डोंगराचा निकाल लागणारच. मराठीत यजमान आणि पाहुणा यांचे नाते फार जुने आहे आणि त्यातली मर्यादाही जुनी आहे. पाहुण्याने घरात शिरावे ते यजमानाच्या परवानगीने, बसावे ते त्याने दाखवलेल्या जागी, आणि उठावे ते त्याच्या चुलीवरची शेवटची भाकरी संपण्याआधी. पैसे दिले म्हणून हे शिष्टाचार सुटत नाहीत.

तेव्हा पुढच्या सुट्टीत डोंगरात जायचा बेत करणाऱ्या मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते. जागा ठरवण्याआधी फोनवर चार प्रश्न विचारा. एका रात्री किती माणसे घेता? पैसे कोणाच्या खात्यावर जातात? पाणी कुठून येते आणि सांडपाणी कुठे जाते? आणि रात्री तुमच्याकडे किती काळोख असतो? पहिल्या तीन प्रश्नांना चाचरत उत्तरे आली, किंवा चौथ्याला “काळजी करू नका साहेब, सगळीकडे मोठे दिवे लावलेत” असे उत्तर आले, तर दुसरी जागा बघा. आणि कोणी “जागा न्हाई” म्हणून सरळ सांगितले, तर रागावू नका. त्या जागेचे नाव टिपून ठेवा आणि पुढच्या सालासाठी आजच नाव नोंदवा. राहायला जाण्याजोगी जागा तीच.